पाचवं माप

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त क्षेत्रव्यवहार नावाचं प्रकरण आहे. त्यातलं एक उदाहरण दिसायला अगदी साधं आहे. एका चौकोनाची भूमी, म्हणजे पाया, १४, मुख, म्हणजे वरची बाजू, ९, बाजूचे दोन भुज १३ आणि १२, शिवाय लंबही १२. याचं क्षेत्रफळ काढा, आणि तेही जुन्या आचार्यांनी सांगितलं आहे त्या रीतीने काढा, असं भास्कराचार्य म्हणतात. आजच्या शाळेच्या भाषेत हा एक समलंब चौकोन आहे. भूमी आणि मुख एकमेकांना समांतर, आणि १२ ची बाजू भूमीवर काटकोनात उभी. आठवीतला मुलगा १४ आणि ९ यांची बेरीज करील, निम्मी करील, १२ ने गुणील आणि १३८ असं उत्तर देईल.

जुन्या आचार्यांच्या रीतीने मात्र १३८ येत नाही. त्या रीतीत चारही बाजूंच्या बेरजेची निमपट घ्यायची, ती इथे २४. तिच्यातून प्रत्येक बाजू वजा करायची, म्हणजे १०, १५, ११ आणि १२ उरतात. या चारांचा गुणाकार १९,८०० होतो आणि त्याचं वर्गमूळ १४१ ला थोडं कमी भरतं. भास्कराचार्यांनी ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडली आणि खरं उत्तर १३८ आहे, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा इ.स. ११५० मधला. ज्या सूत्राबद्दल तो दिला, ते त्याआधी पाच शतकांहून जास्त काळ चालत आलेलं होतं.

चौकोनाच्या क्षेत्रफळाचा प्रश्न शेताच्या बांधावर जन्मला. बांध मोजणं सोपं असतं, उभ्या पिकातून कर्ण मोजणं अवघड. म्हणून जगात ठिकठिकाणी लोकांनी चार बाजूंवरूनच काम भागवलं. इजिप्तमध्ये एडफू गावी होरस देवाचं मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर टॉलेमी राजांच्या काळातली देवस्थानच्या जमिनींची यादी कोरलेली आहे. तिच्यात प्रत्येक शेताच्या चार बाजू दिल्या आहेत आणि हिशोबाची रीत अशी आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. शेत त्रिकोणी असेल, तर चौथी बाजू 'काही नाही' अशी लिहून तेच गणित करायचं. लीलावतीतलं शेत या रीतीने मोजलं तर साडेअकरा गुणिले साडेबारा, म्हणजे १४३.७५ येतात. शेत बरोबर आयताकृती असेल, तरच ही रीत अचूक उत्तर देते. एरवी ती नेहमी जास्तच भरते, कधीही कमी भरत नाही. शेतसारा क्षेत्रफळावर आकारला जात असेल, तर हा फरक कोणाच्या पदरात पडायचा, हे उघड आहे.

भारतात चौकोनाचं गणित शेताच्या आधी यज्ञभूमीवर लिहून ठेवलेलं सापडतं. सोमयागासाठी जी महावेदी आखत, ती म्हणजे समद्विभुज समलंब चौकोन. पूर्वेकडची बाजू २४ पदं, पश्चिमेकडची ३० आणि दोन्हींमधलं अंतर ३६. पूर्वेच्या दोन कोपऱ्यांना अंस म्हणजे खांदे म्हणत, पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांना श्रोणी म्हणजे कंबर, आणि मधोमध जाणाऱ्या पूर्व-पश्चिम रेषेला पृष्ठ्या, म्हणजे पाठीचा कणा.

शुल्बसूत्रं म्हणजे वेदी दोरीने आखायचे नियम सांगणारे ग्रंथ. त्यांतल्या आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात ही वेदी एकाच दोरीने कशी आखायची, ते दिलं आहे. पृष्ठ्येच्या दोन्ही टोकांना, ३६ पदांच्या अंतरावर, खुंट्या ठोकायच्या. दोरी ५४ पदांची घ्यायची, म्हणजे ३६ आणि वर १८. तिच्या पश्चिम टोकापासून १२ पदांवर एक खूण करायची आणि १५ पदांवर दुसरी. दोरीची टोकं दोन खुंट्यांना बांधून १५ च्या खुणेला धरून दोरी दक्षिणेकडे ताणली, की एक भाग १५ चा राहतो आणि दुसरा ३९ चा. पंधराचा वर्ग अधिक छत्तीसचा वर्ग बरोबर एकोणचाळीसचा वर्ग, त्यामुळे पश्चिमेच्या खुंटीपाशी आपोआप काटकोन होतो. खूण जिथे येते, तिथे खुंटी ठोकली की दक्षिण श्रोणी मिळाली. उत्तरेकडे ताणलं की उत्तर श्रोणी. मग दोरीची टोकं बदलायची, पुन्हा १५ च्याच खुणेने ताणायचं, पण खुंटी १२ च्या खुणेशी ठोकायची. हे दोन अंस. दोरी एकच, खुणा दोन, आणि समलंब चौकोनाचे चारही कोपरे जागच्या जागी. पंधराने काटकोन साधायचा आणि बाराने लांबी घ्यायची, ही युक्ती ज्याला सुचली, त्या अनाम दोरीवाल्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

त्याच सूत्रात पुढे या वेदीचं क्षेत्रफळ ९७२ असल्याचं सांगितलं आहे, आणि ते का, हेही सांगितलं आहे. दक्षिण अंसापासून पश्चिम बाजूवर सरळ रेषा आणायची. ती बाजूच्या मध्यापासून १२ पदांवर टेकते आणि तिच्या बाहेर एक निमुळता त्रिकोण उरतो, रुंदी ३ आणि लांबी ३६. हा तुकडा कापून, उलटा करून उत्तरेच्या बाजूला लावायचा. समलंब चौकोनाचा आयत झाला, २७ रुंद आणि ३६ लांब. गुणाकार ९७२. शुल्बसूत्रांचा काळ निश्चित सांगता येत नसला, तरी ती ख्रिस्तपूर्व आहेत याबद्दल अभ्यासकांत दुमत नाही. इतक्या जुन्या काळात नुसतं उत्तर न देता आकृती कापून दाखवली आहे. आपल्या गणिताच्या जुन्या ग्रंथांत उपपत्ती कमी वेळा सापडते, म्हणून ही एक ओळ फार मोलाची आहे.

आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'च्या गणितपादात समलंब चौकोनाचा नियम एका श्लोकात बसवला. समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट गुणिले लंब, हा तर त्यात आहेच. त्याआधी दोन कर्ण जिथे छेदतात, तो बिंदू भूमीपासून आणि मुखापासून किती अंतरावर असतो, हेही त्यांनी सांगितलं. लंबाची वाटणी भूमी आणि मुख यांच्या प्रमाणात होते. भूमी १४, मुख ४ आणि लंब ९ असेल, तर छेदनबिंदू भूमीपासून ७ वर आणि मुखापासून २ वर येतो. आज हे नववी-दहावीत समरूप त्रिकोणांचं उदाहरण म्हणून येतं.

समलंब चौकोनापुरतं गणित असं पक्कं होतं. खरा पेच होता विषम चौकोनाचा, ज्याच्या चारही बाजू वेगळ्या आणि कुठलीच दुसरीला समांतर नाही. तो पेच राजस्थानातल्या भिल्लमालात, आजच्या भिनमाळमध्ये, ब्रह्मगुप्तांनी हाती घेतला. इ.स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्याच्या बाराव्या अध्यायात एकाच श्लोकात दोन रीती आहेत. पहिली एडफूच्या भिंतीवरची, सरासऱ्यांच्या गुणाकाराची, आणि तिला त्यांनी स्थूल म्हटलं आहे. दुसरी निमपटीतून बाजू वजा करून वर्गमूळ काढण्याची, तिला सूक्ष्म म्हटलं आहे. त्रिकोणासाठी असं सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इ.स.च्या पहिल्या शतकात दिलं होतं. चौकोनासाठी ते पहिल्यांदा लिहिलेलं दिसतं ते ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात. पुढच्या श्लोकांत ते बाजूंवरून दोन्ही कर्ण काढायची रीत देतात. कर्ण एकमेकांना काटकोनात छेदत असतील, तर छेदनबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढवला असता समोरच्या बाजूला बरोबर दुभागतो, हे तर आज जगभर ब्रह्मगुप्ताचं प्रमेय म्हणूनच शिकवलं जातं.

हे सगळे नियम खरे आहेत, पण एका अटीवर. चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असले पाहिजेत, म्हणजे चौकोन चक्रीय असला पाहिजे. ब्रह्मगुप्तांनी ही अट शब्दांत लिहिली नाही. मात्र चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या कशी काढायची, हे ते याच भागात सांगतात आणि त्या त्रिज्येला हृदयरज्जू म्हणतात. सगळे श्लोक एकत्र वाचले, की त्यांच्या मनात चक्रीय चौकोनच होते, असं मानायला भक्कम आधार मिळतो. पण सूत्रग्रंथ असा सलग वाचला जात नाही. शिष्य एक श्लोक पाठ करतो आणि तो जिथे तिथे लावतो. पुढच्या पाच शतकांत या सूत्राचं झालं ते हेच.

ब्रह्मगुप्तांची कारागिरी पाहायची असेल, तर त्यांचा चौकोन बांधून पाहावा. दोन काटकोन त्रिकोण घ्यायचे, ३-४-५ आणि ५-१२-१३. पहिल्याच्या ३ आणि ४ या बाजूंना दुसऱ्याच्या कर्णाने, १३ ने गुणायचं: ३९ आणि ५२. दुसऱ्याच्या ५ आणि १२ या बाजूंना पहिल्याच्या कर्णाने, ५ ने गुणायचं: २५ आणि ६०. या चार संख्या २५, ३९, ६०, ५२ अशा क्रमाने लावल्या, की जो चक्रीय चौकोन होतो त्याचे कर्ण ६३ आणि ५६ येतात, तेही एकमेकांना लंब. त्यामुळे क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं, १७६४. आता सूक्ष्म सूत्र लावून पाहा. बाजूंच्या बेरजेची निमपट ८८, वजाबाक्या ६३, ४९, २८ आणि ३६, आणि गुणाकाराचं वर्गमूळ बरोबर १७६४. बाजू पूर्णांक, कर्ण पूर्णांक, क्षेत्रफळ पूर्णांक, आणि ज्या वर्तुळात हा चौकोन बसतो त्याचा व्यासही पूर्णांक, ६५. वर्गमुळाचा एकही तुकडा कुठे उरत नाही. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी हे कोणीतरी हाताने रचलं, यावर थोडा वेळ थांबून विचार करायला हवा.

शाळेच्या पुस्तकातली पतंगाकृतीही या कुळातली ठरू शकते. एक आयताकृती कागद घ्यावा, १५ सेंटीमीटर रुंद आणि २० लांब. तो कर्णावर कापावा आणि एक तुकडा पलटून त्याच २५ सेंटीमीटरच्या कर्णाला पुन्हा जोडावा. आता १५ ला लागून १५ आणि २० ला लागून २० येतात, आणि समोर पतंग उभा राहतो. त्याचा एक कर्ण २५ चा, दुसरा २४ चा. गुणाकाराचं निम्मं ३००, म्हणजे मूळ कागदाएवढंच. आयत आणि हा पतंग दोन्ही २५ व्यासाच्या एकाच वर्तुळात बसतात. चक्रीय चौकोनाच्या बाजूंचा क्रम बदलला, तरी वर्तुळ आणि क्षेत्रफळ बदलत नाही, फक्त एक नवा कर्ण मिळतो. नारायण पंडितांनी १३५६ च्या 'गणितकौमुदी'त या तिसऱ्या कर्णाचा उपयोग करून घेतला. तिन्ही कर्णांच्या गुणाकाराला वर्तुळाच्या व्यासाच्या दुपटीने भागलं, की क्षेत्रफळ मिळतं. ब्रह्मगुप्तांच्या चौकोनात तिसरा कर्ण ६५ येतो. ६३ गुणिले ५६ गुणिले ६५, भागिले १३०. पुन्हा १७६४.

पण सगळे चौकोन चक्रीय नसतात, आणि शेतं तर क्वचितच असतात. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यातही हे सूत्र आलं, अट न घालता. पहिला जोरदार आक्षेप 'महासिद्धान्त' लिहिणाऱ्या दुसऱ्या आर्यभटांचा. कर्ण माहीत नसताना चौकोनाचा लंब किंवा क्षेत्रफळ सांगू पाहणाऱ्या गणकाला त्यांनी मूर्ख, नाहीतर पिशाच ठरवलं.

भास्कराचार्यांनी हाच मुद्दा उचलला आणि रागाला कारणाची जोड दिली. लंब किंवा कर्ण यांपैकी काहीच न देता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा, असं त्यांनीही लिहिलं. पण लगेच त्यामागची गोष्ट समजावली. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आत ढकलले, की त्यांना जोडणारा कर्ण आखडतो. उरलेले दोन कोपरे बाहेर सरकतात आणि त्यांचा कर्ण वाढतो. चारही बाजू मात्र होत्या तेवढ्याच राहतात. मग नुसत्या बाजूंवरून क्षेत्रफळ ठरणार कसं?

उदाहरण म्हणून त्यांनी समभुज चौकोन घेतला, प्रत्येक बाजू २५. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. पहिला कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. चारही कोन काटकोन केले, की तोच चौकोन चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, परीघ तोच, आणि जागा कधी ३३६, कधी ६००, कधी ६२५. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यात खिळे मारून हलवावी, तसा हा चौकोन हलत राहतो. त्याला जागेवर बसवायला पाचवं माप लागतं: कर्ण, लंब किंवा एखादा कोन. त्रिकोणाला तीन बाजू पुरतात, चौकोनाला चार पुरत नाहीत. सांगायला इतकं सोपं, पण हे सूत्र वापरणाऱ्यांना ते कारणासह समजावून सांगायला बारावं शतक उजाडावं लागलं.

लीलावतीच्या याच प्रकरणात आणखी एक चौकोन आहे: भूमी ७५, मुख ५१, बाजू ६८ आणि ४०. इथे भास्कराचार्य नियमाप्रमाणे एक कर्ण आधी धरतात, ७७. त्या कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, एक २३१० चा आणि दुसरा ९२४ चा, एकूण ३२३४. दुसरा कर्ण ८५. आता ज्या सूत्रावर त्यांनी आक्षेप घेतला, तेच इथे लावलं तर काय येतं? बरोबर ३२३४. म्हणजे धरलेला ७७ हा नेमका तो कर्ण आहे, ज्याने चौकोन वर्तुळात बसतो. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीचा चक्रीय चौकोनाबद्दलचा नियमही पडताळून पाहता येतो: समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज ६५४५, आणि ७७ गुणिले ८५ सुद्धा ६५४५. ज्या उदाहरणाने ते कर्णाची गरज पटवून देत होते, तो चौकोन ब्रह्मगुप्तांच्याच घराण्यातला निघाला. पुढे 'सूचीक्षेत्र' म्हणून ते जो मोठा चौकोन सोडवतात, तो ३००, १२५, २६० आणि १९५ बाजूंचा, म्हणजे ब्रह्मगुप्तांच्या ६०, २५, ५२ आणि ३९ ची पाचपट.

म्हणून या वादात एक बरोबर आणि दुसरा चूक, असा निकाल देता येत नाही. ब्रह्मगुप्तांचं सूत्र चक्रीय चौकोनासाठी अचूक आहे. भास्कराचार्यांचा आक्षेप सर्वसाधारण चौकोनासाठी अचूक आहे. दोघांच्या मध्ये एक न लिहिलेली अट उभी होती. भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्तांना गणकांच्या मंडळातला मुकुटमणी म्हटलं आहे, आणि तरी त्यांचं सूत्र तपासायला ते कचरले नाहीत. आपल्या ज्ञानपरंपरेतलं हे वागणं आज जास्त सांगितलं जायला हवं.

हे वाद केवळ ग्रंथांत राहिले नाहीत, शिकवलेही गेले. चाळीसगावजवळच्या पाटण गावातल्या देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्या लेखातून कळतं ते असं: भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून त्यांनी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण मठाला काय काय मिळायचं, हा व्यवहाराचा मजकूर तेव्हाच्या मराठीत आहे. लीलावती हा सिद्धान्तशिरोमणीचाच पहिला भाग. तेव्हा खानदेशातल्या या मठात कर्ण न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याची गोष्ट पोरांनी ऐकली असणार, असं म्हणायला हरकत नाही. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी, म्हणजे ज्यांच्या 'ग्रहलाघवा'वर पंचांगं कित्येक पिढ्या चालली त्यांनी, १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. नियमाच्या मागचं कारण उलगडून दाखवणं, हा तिचा मोठा गुण.

न लिहिलेली अट लिहिली गेली ती केरळात. पंधराव्या शतकात परमेश्वर नावाच्या गणितज्ञांनी लीलावतीवरच्या टीकेत चक्रीय चौकोनाच्या चार बाजूंवरून वर्तुळाची त्रिज्या काढायचं सूत्र दिलं. युरोपात ते १७८२ मध्ये लुइलिए या गणितज्ञाच्या नावाने आलं. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवांनी 'युक्तिभाषा' हा ग्रंथ मल्याळममध्ये लिहिला आणि त्यात ब्रह्मगुप्तांच्या सूत्राची पायरी-पायरीने सिद्धता दिली, चौकोन वर्तुळात आहे असं धरूनच.

युरोपीय अभ्यासकांपर्यंत हे सगळं उशिरा पोचलं. लीलावतीचं फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून त्याचा दरबारी कवी फैजी याने १५८७ मध्ये केलं होतं. इंग्रजी भाषांतर जॉन टेलर या डॉक्टरने १८१६ मध्ये मुंबईत छापलं आणि पुढच्याच वर्षी कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाने लंडनला ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचं गणित एकत्र प्रसिद्ध केलं. ते वाचून मिशेल शाल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये दाखवून दिलं, की ब्रह्मगुप्तांचे ते श्लोक चक्रीय चौकोनांबद्दल आहेत असं मानलं तर सगळे अर्थ जुळतात. १८४२ मध्ये जर्मनीत ब्रेटश्नायडर या गणितज्ञाने कुठल्याही चौकोनासाठी सूत्र दिलं. त्यात ब्रह्मगुप्तांचाच गुणाकार घेऊन त्यातून समोरासमोरच्या कोनांवर अवलंबून असलेली एक रक्कम वजा करायची असते. लीलावतीतल्या पहिल्या उदाहरणात ही वजा करायची रक्कम ७५६ येते. १९,८०० मधून ती गेली, की १९,०४४ उरतात आणि वर्गमूळ १३८. समोरच्या कोनांची बेरीज १८० अंश असेल तेव्हा ही रक्कम शून्य होते. त्यामुळे दिलेल्या चार बाजूंच्या सगळ्या चौकोनांत चक्रीय चौकोन सर्वांत जास्त जागा व्यापतो, हेही याच सूत्रातून कळतं.

शेतकऱ्याच्या बांधावर यातलं काय पोचलं? लीलावतीत जमिनीचं माप निवर्तन आहे, दहा हातांचा एक वंश आणि चारी बाजू वीस वंशांच्या. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा. वीसाला वीस हा हिशोब शतकानुशतकं टिकला. इंग्रजांच्या काळात, १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून जमिनीची पाहणी सुरू केली आणि मुंबई इलाख्यात शंकू-साखळीची मोजणी रुळली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, म्हणून त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढ्या जागेचा एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

या मोजणीत चार बांधांवर विसंबून कोणी क्षेत्रफळ काढत नसे. शेताच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषा धरायची, तिच्यावर साखळी टाकत जायचं, आणि बांधाला जिथे जिथे वळण असेल तिथपर्यंत शंकूने काटकोन साधून आडवं अंतर मोजायचं. त्यामुळे शेताचे तुकडे पडतात ते दोनच जातींचे. टोकाला काटकोन त्रिकोण, आणि मध्ये सगळे समलंब चौकोन. एक आडवं अंतर ३ साखळ्या, पुढचं ५ साखळ्या आणि दोन्हींमध्ये ६ साखळ्या असतील, तर तीन अधिक पाच भागिले दोन गुणिले सहा, म्हणजे २४ गुंठे. रूपांतर करायची गरजच नाही. ही अंतरं टिपणावर लिहिली जात आणि तुकड्यांचे गुणाकार गुणाकार बुकात. मोजणीदाराच्या हातातलं गणित आर्यभटाच्या श्लोकातलंच होतं, आणि शेताच्या मधून धरलेली ती रेषा म्हणजे भास्कराचार्यांनी मागितलेलं पाचवं माप. आता मोजणी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने आणि उपग्रहांच्या आधारे जागा टिपणाऱ्या रोव्हरने होते. पण हद्दीचा वाद निघाला, की भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण आजही काढलं जातं.

शाळेत हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी येतं. समलंब चौकोन आणि पतंग एका इयत्तेत, चक्रीय चौकोन दहावीत, आणि आठवीच्या पुस्तकात चौकोन काढायच्या रचना. त्यात चार बाजूंच्या सोबत एक कर्ण दिलेला असतो. तो कर्ण का दिला आहे, असं विचारणारं मूल क्वचित भेटतं, कारण तो दिलेला असतो म्हणून प्रश्नच उठत नाही. शिक्षकांनी त्या तासाला एकदा तो कर्ण खोडून टाकावा. मुलांना लीलावतीतला २५ बाजूचा समभुज चौकोन काढायला सांगावा, निम्म्या वर्गाला कर्ण ३० देऊन आणि निम्म्याला १४ देऊन, आणि दोन्ही क्षेत्रफळं फळ्यावर शेजारी लिहावीत. भास्कराचार्यांचं नाव त्याच वेळी सांगावं, आणि ब्रह्मगुप्तांचंही.